काळ हललेला असताना मुलांना ‘पुढे काय’ हे कसे विचारावे

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या बहुतेक घरांत एकच प्रश्न फिरू लागतो: पुढे काय? प्रश्न साधा दिसतो, पण ज्याला तो विचारला जातो ते मूल गेल्या काही वर्षांत काय काय पाहून आले आहे, याचा हिशेब विचारणाऱ्याने क्वचितच मांडलेला असतो. २०२० साली जी मुले पाचवी-सहावीत होती, त्यांनी एक अख्खे वर्ष मोबाइलच्या पडद्यापुढे काढले, वडिलांचा पगार निम्म्यावर आलेला ऐकला, शेजारच्या घरातून कोणी दवाखान्यात गेले आणि परत आले नाही हेही पाहिले. त्यानंतर आरक्षणाचे निकाल आले, भरतीच्या तारखा पुढे गेल्या, आणि ज्या संगणक शाखेसाठी सगळ्यांनी रांगा लावल्या होत्या तिथल्या नोकऱ्या यंत्रेच खाणार अशी चर्चा जेवणाच्या ताटावर होऊ लागली.

अकरावी प्रवेशाच्या दिवसांत पालक आणि मुलांशी बोलण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. त्यातून माझी एक धारणा पक्की झाली आहे. उलथापालथीतून मुलाच्या हाती एक चित्र लागते: त्या दिवसांत कोण उपयोगी पडले, कोण हतबल झाले, कोणाच्या शब्दाला वजन होते. पुढे मूल त्या चित्रालाच व्यवसायाचे नाव देते, आणि आपण ते नाव ऐकून फॉर्म भरायला बसतो. काम करणारा माणूस म्हणून मी कोण, ही जी ओळख पंधराव्या-सोळाव्या वर्षी घडू लागते, तिला हात घालायचा असेल तर नावाच्या मागे जाऊन चित्र पाहावे लागते. ते कसे पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. पालक, वर्गशिक्षक आणि थोडी धिटाई असलेली मुले स्वतःसुद्धा यातले बहुतेक करू शकतील.

पुण्याला हे नवे नाही, हे आधी नमूद करावे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उघडले. टिळक त्यांच्यासोबत होतेच, आणि एम.ए. पुरे झाल्यावर आगरकरही येऊन मिळाले. गरिबीतून वर आलेल्या पदवीधराला सरकारी चाकरी हा सरळ मार्ग होता. तो सोडून आगरकरांनी आईला पत्र लिहिले, आणि मोठ्या पगाराची आशा धरू नकोस असे त्यात कळवले. आज आपण ते पत्र त्यागाची कथा म्हणून वाचतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दुष्काळ आणि परकी सत्ता पाहिलेल्या एका तरुणाने ‘शिक्षक’ या शब्दाचा अर्थच बदलून घेतला, आणि तो बदल घरच्यांना समजावून सांगण्याची जबाबदारीही स्वतःवर घेतली. आपल्या मुलांकडून एवढी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही, पण निवड आणि तिचे घरी दिलेले स्पष्टीकरण ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे मात्र यातून घ्यावे.

कामाला सुरुवात मुलापासून करू नये, घरापासून करावी. एक मोठा कागद घ्यावा, मुलांच्या प्रकल्पातले कार्डशीट चालते, आणि त्यावर आडवी रेघ ओढून तीन पिढ्यांची वर्षे मांडावीत. आजोबा-आजींच्या काळात काम कधी बदलले, का बदलले, घर कधी हलले, हे त्यांनाच विचारून लिहावे. पुण्यातल्या जुन्या घरांत १२ जुलै १९६१ ही तारीख हमखास येते. पानशेत आणि खडकवासला फुटले त्या दिवशी पेठांमधल्या कितीतरी कुटुंबांचे दुकान, छापखाना, कागदपत्रे सगळे वाहून गेले आणि लोक निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या बराकींत, किंवा पूरग्रस्तांच्या वसाहतींत राहायला गेले. मुंबईहून आलेल्या घरांत १८ जानेवारी १९८२ येतो, म्हणजे गिरणी संप. त्यानंतर १९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, १९९१ साली आर्थिक धोरण बदलले, आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लागलेल्या बापाचा मुलगा हिंजवडीत संगणकापुढे बसला. प्रत्येक तारखेखाली एक ओळ लिहायची: त्या प्रसंगानंतर घरात कोणता नियम ठरला?

एकदा एक मुलगा आजीला घेऊन आला होता. त्याने सरकारी नोकरी हेच ध्येय म्हणून लिहिले होते, कोणती ते लिहिले नव्हते. आजींनी पेन्सिल हातात घेतली, रेघेवर १९८२ पाशी ‘संप’ एवढेच अक्षर काढले आणि थांबल्या. मुलाने विचारले, “आजी, मग आजोबा काय म्हणाले?” त्या म्हणाल्या, “म्हणायचं काय? खाजगीचा भरवसा नाही, पोरांना सरकारात चिकटवायचं, एवढंच. तुझ्या बापाला जमलं नाही, ते तुझ्यावर आलं.” शेवटचे वाक्य त्या सहज बोलून गेल्या, पण मुलगा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. जन्मापूर्वी चोवीस-पंचवीस वर्षे झालेला संप आपल्या फॉर्मवर बसला आहे, हे त्याला प्रथमच दिसले होते. त्याने सरकारी नोकरीचा विचार सोडला नाही, आणि तो सोडवावा असा माझाही हेतू नव्हता. मात्र पुढच्या भेटीला तो ‘कोणती’ या प्रश्नाचे उत्तर घेऊन आला.

रेघ तयार झाली की प्रत्येक मोठ्या घटनेपाशी मुलाचे त्या वेळचे वय लिहावे. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच चुकतात. अमेरिकेतील महामंदीत वाढलेल्या मुलांचा समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. ओकलंड शहरातील १९२०-२१ साली जन्मलेली मुले मंदीच्या वेळी हाताशी आलेली होती. ज्या घरांचे उत्पन्न घसरले त्यांतील मुलगे बाहेर छोटीमोठी कामे करू लागले आणि आपण काय करणार हे त्यांचे लवकर ठरले, मुली घरकामात ओढल्या गेल्या. त्याउलट बर्कलीतील १९२८-२९ साली जन्मलेली मुले मंदीत अगदी लहान होती, आणि त्यांच्यातील मुलग्यांना ती झळ अधिक जिव्हारी लागली. देश वेगळा, काळ वेगळा, हे खरे. तरी घटना एकच असली तरी ती कितव्या वर्षी अंगावर आली यावर तिचा ठसा अवलंबून असतो, हा मुद्दा आपल्या घरातही तपासून पाहता येतो. २०२० साली एकाच घरातली थोरली दहावीत होती आणि धाकटा दुसरीत. थोरलीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि तिने घरात वाणसामान आणणे, आजोबांची औषधे लावणे अशी खरी कामे केली. धाकट्याने फक्त मोठ्यांचे चेहरे पाहिले. दोघांना एकच प्रश्न एकाच शब्दांत विचारून भागत नाही. थोरलीला ‘तू त्या वेळी काय केलेस’ असे विचारावे, धाकट्याला ‘तुला काय आठवते’ असे.

२०२१ साली दहावी-बारावी झालेल्यांची गोष्ट याच्या जोडीने सांगितली पाहिजे, कारण त्यांची परीक्षा झालीच नाही. मूल्यमापनावर निकाल लागले, अकरावीसाठी ठरवलेली सीईटी उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली, आणि ही मुले ‘न देता पास’ या थट्टेचे धनी झाली. थट्टा करणारे विसरून गेले, मुले विसरली नाहीत. आपले यश खरे नाही असा संशय ज्याच्या मनात बसला आहे, तो पुढे सोपी वाट निवडतो किंवा स्वतःला सिद्ध करण्यासाठी नको तितकी अवघड. अशा विद्यार्थ्याकडून कोणत्याही परीक्षेत न मोजलेल्या पण केलेल्या दहा कामांची यादी लिहून घ्यावी. पहिली चार पटकन येतात, सातव्याला मूल अडते, आणि अडल्यावर जे आठवते ते बहुधा कामाचे असते.

आता चित्राकडे येऊ. ‘तुला कोण व्हायचे आहे’ असे विचारू नये; त्याचे उत्तर पाठ असते. त्याऐवजी असे विचारावे: “त्या दिवसांत कोणाकडे पाहून तुला वाटलं, की या माणसासारखं मला जमलं पाहिजे?” आणि मग गप्प बसावे. पालकांना हे गप्प बसणे सर्वांत कठीण जाते. मूल एखादे नाव सांगेल, तेव्हा लगेच त्या माणसाचा हुद्दा विचारू नये. तो माणूस नेमके काय करत होता, हातात काय होते, लोकांशी कसे बोलत होता, हे विचारावे.

एका मुलीने फॉर्मवर ‘डॉक्टर’ लिहिले होते. जीवशास्त्रात गुण बेताचे, रक्त पाहिले की घेरी यायची, तरी हट्ट कायम. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचे वडील उपचार केंद्रात होते. मी तिला तिथले आठवते ते सांगायला सांगितले. ती म्हणाली, “मॅडम, दारात एक ताई बसायच्या. त्यांच्याकडे लांब वही होती. कोणता सिलिंडर कुठल्या खाटेला गेला, कुणाच्या घरी फोन केला, कुणाचा राहिला, सगळं त्यात. बाबांचं नाव सांगितलं की त्या वही न उघडता सांगायच्या.” मी विचारले, “आणि डॉक्टर?” ती थोडी चपापली. “डॉक्टर आम्हाला भेटलेच नाहीत.” चित्रात डॉक्टर नव्हताच. गोंधळात शंभर गोष्टींचा ताळेबंद ठेवणारी आणि घाबरलेल्या माणसाशी नीट बोलणारी एक बाई होती, आणि तसे काम करण्याच्या वाटा रुग्णालय व्यवस्थापनापासून आपत्ती व्यवस्थापनापर्यंत आणि सरकारी प्रशासनापर्यंत कितीतरी आहेत. आपल्या समाजाला अशा कामासाठी चटकन उच्चारता येईल असा मानाचा शब्द नाही, म्हणून तिने जवळचा शब्द उचलला होता.

चित्र सापडल्यावर त्याच्या शेजारी भीती लिहावी. दोन्ही एकाच घटनेतून आलेली असतात आणि एकमेकांत मिसळतात. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे ‘हे मला ओढते’ आणि उजवीकडे ‘यापासून मी पळतो’ असे लिहून घेतले की पुरते. उजवी बाजू भरगच्च आणि डावी जवळजवळ रिकामी असेल, तर निवड झालेली नाही, फक्त दार लावून घेतले आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या ओळखीच्या ज्या चार अवस्था मांडल्या, त्यांत शोध न घेताच बांधिलकी पत्करण्याची एक अवस्था आहे. बाहेरून ती फार सुरेख दिसते. मूल ठाम असते, पालक निश्चिंत असतात, शिक्षक कौतुक करतात. अस्थिर काळात ही ठाम मुले वाढतात, आणि माझा अनुभव असा की गोंधळलेल्या मुलांपेक्षा यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. गोंधळलेला निदान प्रश्न विचारतो.

मार्शिया यांची आणखी एक अवस्था आहे, शोध चालू पण बांधिलकी अजून नाही. एरिक एरिक्सन यांनी हा तारुण्यातील आवश्यक थांबा मानला होता. पुण्यात या थांब्याला पत्ता आहे: सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. अभ्यासिकेतले एक टेबल, मेसचा डबा, अप्पा बळवंत चौकातून आणलेली पुस्तके आणि खोलीत तिघे. इथे राहणारा मुलगा ‘परीक्षा देतो’ असे कधी म्हणत नाही, ‘एमपीएससी करतो’ असे म्हणतो. तयारीच त्याची ओळख झालेली असते. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना ती पुढे ढकलल्याची घोषणा झाली आणि शास्त्री रस्त्यावर विद्यार्थी उतरले. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेची परीक्षा त्याच दिवशी आल्यामुळे पुन्हा आंदोलन झाले आणि पूर्वपरीक्षा लांबली. त्या रात्री रस्त्यावर बसलेल्यांना तारीख हवी होती हे खरे, परंतु तारीख हलली की आपण कोण हेही हलते, ही घालमेल त्यामागे होती असे मला वाटते.

या वाटेला जाऊ नका असे सांगणे व्यर्थ आहे, आणि अन्यायाचेही आहे. गावाकडे शेतीने मारलेल्या घरासाठी हीच एक वाट उजेडाची असते. सांगायचे ते एवढेच, की थांब्याची मुदत निघण्यापूर्वी ठरवावी. खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा आहे, त्यामुळे व्यवस्था स्वतःहून तुम्हाला लवकर थांबवणार नाही. गाव सोडण्याआधी आई-वडिलांसमोर कागदावर लिहावे: किती प्रयत्न, किती पैसे, आणि त्या मुदतीत पदवीखेरीज दुसरे कोणते कौशल्य हाताशी ठेवणार. रद्द झालेली किंवा पुढे गेलेली परीक्षा प्रयत्नांत धरायची की नाही, हेही तेव्हाच लिहावे, कारण नंतर तिथेच स्वतःला फसवले जाते.

आरक्षणाविषयी घरात आणि वर्गात काय बोलावे, हा नाजूक भाग आहे. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द ठरवला, फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा झाला. मधल्या काळात एकाच बाकावरच्या दोन मुलांच्या प्रवेशाची गणिते दोनदा बदलली. या वादात कोणाची बाजू बरोबर, हे ठरवण्याची जागा समुपदेशनाची खोली नव्हे. तिथे पाहायचे ते असे, की ‘आमच्यासाठी जागाच नाहीत’ किंवा ‘आम्हाला फुकट मिळालं असंच सगळे म्हणणार’ यांपैकी एखादे वाक्य मुलाने आपली ओळख म्हणून स्वीकारले आहे का. दोन्ही वाक्ये दोन वेगळ्या बाकांवर मी ऐकली आहेत, आणि दोन्हींनी मुलांना अर्ज करण्याआधीच मागे खेचलेले पाहिले आहे. यावर भाषण देऊ नये. मागच्या वर्षीची कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्यांची, कटऑफ यादी उघडून मुलाच्या शेजारी बसावे आणि त्याला हव्या असलेल्या तीन महाविद्यालयांत, त्याच्या प्रवर्गात, प्रत्येक फेरीत आकडा कुठे थांबला ते त्याच्याच हाताने लिहून घ्यावे. आकडे नेहमी सुखद नसतात, पण समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांपेक्षा ते जमिनीवरचे असतात.

यानंतर शहानिशा. चित्र खरे आहे का, हे कामाच्या जागी जाऊनच कळते. कल चाचणी असू द्या की एखाद्या खाजगी संस्थेची महागडी चाचणी, ती त्या दिवशीचा कल सांगते, आणि त्या दिवशी घरात काय घडले होते हे तिला ठाऊक नसते. ओळखीपाळखीतून एक दिवस मागून घ्यावा: भोसरीतले वर्कशॉप, औंधच्या आयटीआयमधला वर्ग, मार्केट यार्डातला गाळा, चार्टर्ड अकाउंटंटचे कार्यालय, कोणाच्या तरी काकूंचे दवाखान्यातले काउंटर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसावे आणि तासातासाला तो माणूस काय करत होता ते लिहावे. मुलाखत घेऊ नये. मुलाखतीत सगळेच आपले काम थोर करून सांगतात. दुपारी तीन वाजता, जेवण झाल्यावर आणि चहा येण्यापूर्वी, तो माणूस काय करतो ते पाहावे. तेवढे जरी मुलाला सोसवले, तरी पुढचे बोलणे सुरू करता येते.

बाजाराचा अंदाज बांधून सल्ला देण्याच्या मोहात मात्र पडू नये. २००९ साली मंदीच्या बातम्यांनी मी स्वतः हादरले होते आणि संगणकाचे वेड असलेल्या एका मुलाला ‘आता त्यात काही राहिलं नाही’ असे ठासून सांगितले. त्याने यंत्र अभियांत्रिकी घेतली. चार वर्षांनी तो भेटला तेव्हा रात्री जागून प्रोग्रॅमिंग शिकत होता, आणि माझ्या सल्ल्याची किंमत म्हणून त्याने मोजलेली वर्षे त्याच्या बोलण्यात एकदाही आली नाहीत, ती मलाच मोजता आली. माझी भीती मी त्याच्या वहीच्या उजव्या बाजूला लिहिली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आज घराघरांत जे ठासून सांगितले जात आहे, ते ऐकताना मला तो मुलगा आठवतो.

घरी बोलताना दोन गोष्टी पाळाव्यात. पालकांनी आपल्या आयुष्यातील पडझड मुलापासून लपवू नये, कारण नोकरी गेलेली असताना रोज डबा घेऊन बाहेर पडणारा बाप मुलाला कळतोच, आणि न सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ मूल स्वतःला दोष देऊन लावते. आणि ती पडझड सांगताना तिचा सिद्धान्त करू नये. ‘माझी नोकरी गेली’ एवढे सांगावे, ‘या क्षेत्रात माणसाला किंमत नाही’ हे जोडू नये. मूल झोपत नसेल, जेवण तुटले असेल, पुढच्या विषयावर बोलताना सारखे ‘काय उपयोग’ म्हणत असेल, तर करिअरची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते आणि फोनला पैसे पडत नाहीत.

कार्डशीट आणि वही फॉर्म भरून झाला म्हणून रद्दीत घालू नयेत. सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागली की त्या पुन्हा काढाव्यात, डाव्या-उजव्या रकान्यांत मुलाला जे खोडावेसे वाटेल ते खोडू द्यावे, आणि शेजारी त्या दिवसाची तारीख घालावी. आई-वडिलांनाही एखादी ओळ खोडायची असेल, तर पेन त्यांच्याकडे द्यावे.